ठप्प्याखालची ओळ

रविवारी दुपारी कुडव्यातल्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला दुकान बंद वाटतं. ते बरंच आहे, कारण त्या वेळी कुणी चार्जर किंवा कव्हर मागायला वाकून आत आलं की माझं डोकं फिरतं. मागच्या खोलीत पंखा मंद चालू असतो, हिरव्या पडद्यातून ऊन गाळून येतं आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी दिसते. तिथं आम्ही तिघं बसून गाणी ऐकतो. आठवड्यातले बाकीचे दिवस मी त्या दुपारची वाट पाहण्यात काढतो.

तिघं म्हणजे मी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आणि एका राईस मिलचा मिस्त्री. गार्डसाहेबांकडे जुन्या सिनेमांच्या तबकड्या आहेत, शिवाय ज्या ज्या स्टेशनावर गाडी रखडली तिथल्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं. मिस्त्रीकडे बँडवाल्यांच्या वराती आणि दंडारी, म्हणजे गावोगावची रात्रभर चालणारी नाचगाण्याची नाटकं. माझ्याकडे बायांची गाणी. लग्नातली, जात्यावरची, पण मुख्य म्हणजे रोवणीची, चिखलात वाकून भाताची रोपं लावताना म्हणतात ती. शास्त्रीय संगीत आमच्याकडे चालत नाही. एकदा एक गृहस्थ मोठ्या हौसेनं तासाभराचा राग घेऊन आले होते, त्यांना आम्ही चहा पाजला आणि आदरानं शटरपर्यंत सोडलं.

आमच्यात देवाणघेवाण चालते, पण सरळ मनानं नाही. गाणं जमवणारा माणूस कंजूष असतो, हे आधीच कबूल करतो. दुसऱ्याला द्यायचं तर असतं, नाहीतर कुणाला कळणार आपल्याकडे काय आहे? आणि दिलं की ते दुसऱ्याचंही होतं, तेही पाहवत नाही. म्हणून आम्ही ठप्पा काढला. प्रत देताना गाण्यात मध्येच आपली खूण टाकायची. गार्डसाहेब त्यांची जुनी शिटी वाजवतात. मिस्त्री लोखंडावर पाना तीनदा आपटतो. मी माझ्या आवाजात दुकानाचं नाव सांगतो आणि पुढे "कुडवा, गोंदिया" म्हणतो. स्टेशनाजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं तेव्हापासून माझ्या आवाजाला जरा भाव होता, असं मला तरी वाटायचं.

ठप्पा सुरुवातीला टाकला तर समोरचा कापतो. शेवटी टाकला तरी कापतो. म्हणून तो टाकायचा गाण्याच्या सगळ्यात गोड जागी, जिथं ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. ती जागा शोधण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. गार्डसाहेब म्हणायचे, "यार, तू तर बरोबर काळजावर पाय देतोस." मी ते कौतुक समजून घ्यायचो.

दहा-बारा वर्षांपूर्वी देवरीकडच्या एका गावात मला माझ्या संग्रहातलं सगळ्यात मोठं गाणं मिळालं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव, त्याच्या पाळीखाली एकाखाली एक उतरत गेलेल्या बांधी, म्हणजे भाताची बांध घातलेली शेतं. पावसानं तासभर उघडीप दिली होती. पंधरा-वीस बाया ओळीनं वाकून रोवणी करत होत्या आणि एक उंच, काळी, पांढऱ्या केसांची बाई पुढं म्हणत होती. मी बांधावर छत्रीखाली टेपरेकॉर्डर ठेवला. त्या काळातही मी फितीवरच रेकॉर्ड करायचो, मोबाईलवर माझा विश्वास नव्हता.

त्या गाण्याची रीत अशी होती. पहिल्या दोन ओळी ठरलेल्या:

*पऱ्हा उपटला बाई, बोडीच्या खालचा,*
*नेऊन लावला गं, दूरच्या बांधीत.*

पऱ्हा म्हणजे भाताचं कोवळं रोप, बोडी म्हणजे लहान तळं. तिसरी ओळ मात्र पुढं म्हणणारीची, तिच्या मनात येईल ती. कधी सासूला टोमणा, कधी मालकाला, कधी कुणाला लाडानं हाक, कधी चक्क शिवी. मग सगळ्याजणी मिळून पहिल्या ओळीवर परत. तिसऱ्या फेरीला त्या बाईनं जी ओळ म्हटली तिथं तिचा आवाज खाली गेला आणि थरथरला. ओळीतल्या बायांचे हात क्षणभर थांबले. माझ्या अंगावर काटा आला. मी टेपच्या काचेतली सुई पाहत होतो, ती लाल रेघेला शिवू नये म्हणून.

घरी आल्यावर ठप्पा कुठं टाकायचा याचा विचारच करावा लागला नाही. तिसऱ्या फेरीची तिसरी ओळ. जागा नेमकी साधावी म्हणून मी ती ओळ पंधरा-वीस वेळा मागेपुढे केली आणि बरोबर तिच्यावर माझा आवाज चढवला. त्या रविवारी पडद्यातून येणाऱ्या त्या हिरव्या उजेडात दोघांना ऐकवलं तेव्हा मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले होते. ठप्पा आला तसे त्यानं उघडले आणि म्हणाला, "हरामखोर आहेस तू." मला फार बरं वाटलं.

पुढे ते गाणं माझ्या हातून निसटलं, म्हणजे ठप्प्यासकट निसटलं. पेनड्राईव्हमधून मोबाईलमध्ये, मोबाईलमधून कुठं कुठं. कधी बसस्टँडवर, कधी एखाद्या चहाच्या टपरीवर ते अचानक कानावर यायचं. चालता चालता झोपेत असल्यासारखा मी थांबायचो. त्या बाईचा आवाज, पाण्यातल्या पायांचा चपचप आवाज आणि मग मी. तो माझा आवाज ऐकून मी खुशीत पुढं चालू लागायचो.

मागच्या वर्षी श्रावणात एक बाई दुकानात आली. पस्तीस-चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी. रविवार होता आणि ती अर्ध्या शटरखालून वाकून आत आली, म्हणून मी आधी वसकन अंगावर गेलो.

"बंद आहे. उद्या या."

"ठप्पावाले तुमीच का जी?" तिनं विचारलं आणि पिशवीतून मोबाईल काढून गाणं लावलं. माझंच गाणं. माझ्या आवाजापाशी तिनं ते थांबवलं. "हे तुमीच बोलून राहिले ना? नावपत्ता आयकूनच आली मी."

मी मान हलवली. मला वाटलं कौतुक आहे. मी तिला बसायला खुर्ची दिली.

"हे गानारी माही माय होय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली जाऊन."

मग तिनं सांगितलं ते असं. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि सीमेपलीकडे छत्तीसगढात गेली. मायनं बोलणं टाकलं. तिनंही टाकलं. दोघी सारख्याच हट्टी. नवऱ्याबरोबर तिनं शिलाईचं दुकान उभं केलं, दोन पोरं झाली, आणि गावाकडे जायचं दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. माय गेल्याचं तिला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. मग गावची एक मैत्रीण, तीही दूर लग्न होऊन गेलेली, फोनवर म्हणाली की ज्या दिवशी ते टेपवाले आले होते, त्या दिवशी म्हणे तुझ्या मायनं गाण्यात तुझं नाव घेतलं होतं. मैत्रिणीनंही ते दुसऱ्याकडूनच ऐकलेलं. तिसऱ्या फेरीला घेतलं, एवढंच तिला माहीत.

"कसं घेतलं, तेवढं मले आयकाचं आहे," ती म्हणाली. "शिवी देल्ली का हाक मारली. रोवण्यात दोन्ही असते. काही असू द्या, पन मायच्या तोंडचं पायजे."

खोलीत पंखा फिरत होता. गार्डसाहेब खिडकीकडे पाहू लागले. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. मला काय झालं ते सांगतो: मला लाज वाटली. अशी लाज, की पायाखाली पाहिलं तर फरशीसुद्धा ओळखीची वाटेना.

"तुमी तं होते ना तिथं," ती म्हणाली. "तुमाले तं याद असंल."

मी तिथं होतो. ती ओळ मी शेतात ऐकली आणि घरी पंधरा-वीस वेळा ऐकली. श्वास कुठं घेतला, आवाज कुठं थरथरला, सुई कुठवर गेली, सगळं आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. त्यातलं नावही आठवत नव्हतं. शब्द मी कधी ऐकलेच नव्हते, मी जागा ऐकत होतो.

तिला खोटं सांगता आलं असतं. हाक मारली होती बाई, आशीर्वादच होता, असं म्हणून चहा पाजून पाठवता आलं असतं. ती ज्या तऱ्हेनं बघत होती, त्यामुळे ते खोटं तोंडातून निघेना. मी म्हणालो, "मूळ फीत माझ्याकडे आहे. त्यात ठप्पा नाही. पुढच्या रविवारी या."

फिती घरी लोखंडी पेटीत होत्या. काढल्या तर त्या फितीवर पांढरी बुरशी. आठवडाभर आम्ही तिघं त्या फितीमागं लागलो होतो. मिस्त्रीनं कॅसेट खोलून फीत दुसऱ्या डबीत बसवली. त्याचे ते ग्रीसनं काळे झालेले जाड हात इतकं नाजूक काम करू शकतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. गार्डसाहेब मऊ कापडानं इंच इंच पुसत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "धीरे, धीरे, सिग्नल नाही मिळाला अजून."

रविवारी ती बाई आली. टेप लावला. पहिली फेरी आली, लांबून, पाण्याखालून यावी तशी. दुसरी आली. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती, ओठ हलत होते. तिसऱ्या फेरीच्या दोन ओळी आल्या आणि मग नुसती घरघर. पाच-सहा सेकंद घरघर, आणि पुन्हा सगळ्याजणी पहिल्या ओळीवर.

मिस्त्रीनं फीत उजेडात धरली. बाकी सगळीकडे तपकिरी होती, तेवढ्याच तुकड्यात आरपार दिसत होतं.

"इथंच घासली गेली," तो म्हणाला. "किती वेळा मागेपुढे केलीस रे?"

ती बाई रडली नाही. मोबाईल पिशवीत टाकला आणि म्हणाली, "जाऊ द्या जी. नसंल माह्या नशिबात." ते 'जी' मला फार लागलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मीच म्हणालो, आपण गावात जाऊ. त्या दिवशीच्या बायांपैकी कुणी असेल. ती आधी नाहीच म्हणाली. गावात कोणत्या तोंडानं जाऊ, माय होती तेव्हा गेली नाही, आता कायले जाऊ. गार्डसाहेब तिला हळूच म्हणाले, "बेटी, लेट हुई गाडी भी स्टेशन में तो लेनीच पडती है." तिनं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "रोवणी सरायच्या आंधी जाऊ."

दोन दिवसांनी आम्ही दोघं देवरीच्या बसनं निघालो. का कोण जाणे, मी टेपरेकॉर्डर बरोबर घेतला होता, सवयीनं. फाट्यावर उतरून गावाकडे चालत गेलो. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. तलावाच्या पाळीवर चढलो तर एका बाजूला सगळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या बांधी, आणि दोन्हींत तेच आभाळ. कुठं पाणी संपतं आणि कुठं शेत सुरू होतं तेच कळेना. ती पाळीवर थांबली. पुढे जाईना. मीही थांबलो.

तेवढ्यात खालून गाणं आलं.

तेच गाणं. वेगळ्या, तरुण आवाजांत. दहा-बारा पोरीबाया एका बांधीत वाकल्या होत्या. आम्ही खाली उतरून बांधावर गेलो. बांधावर एक म्हातारी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन पऱ्ह्यांच्या पेंढ्या सोडत बसली होती. गुडघ्यांमुळे तिला आता चिखलात उतरता येत नसावं. तिनं आमच्याकडे पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. मी टेप बांधावर ठेवून चालू केला.

पहिली फेरी झाली. तिसऱ्या ओळीला पुढं म्हणणारीनं दिराची टिंगल केली, सगळ्या हसल्या. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीच्या दोन ओळी झाल्या आणि गाणं थांबलं.

सगळ्याच थांबल्या. हात चालू, रोपं चिखलात जात होती, पाण्याचा चपचप आवाज येत होता, पण गाणं नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या दुकानाचं नाव म्हणालो, मग कुडवा, मग गोंदिया. तेवढं झालं आणि सगळ्याजणींनी एकदम पहिली ओळ उचलली.

मी म्हातारीला विचारलं, "आजी, त्या मध्येच काऊन थांबतात?"

"मोबाईलवरून शिकल्या ना त्या, पाच-सहा वर्सं झाली," म्हातारी म्हणाली. "तिथं एक मानूस बोलते. तो बोलून होयपर्यंत थांबाव लागते." मग ती जरा चिडून म्हणाली, "पयले नव्हतं असं. कोनाचा मुडदा बोलते देवाले ठावूक."

"मीच तो, आजी," मी म्हणालो.

तिनं मला खालून वर पाहिलं. मग तिची नजर माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईवर गेली आणि तिचे हात पेंढीवरच राहिले. म्हातारीनं त्या बाईचं नाव घेतलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही, एकदा त्यावर माझं नाव चढवून झालं आहे.

"आली का तू," म्हातारी म्हणाली. "नाक मायवानीच आहे."

ती बाई म्हातारीपाशी चिखलात खाली बसली. "आजी, त्या दिवशी माय काय म्हने? शिवी देल्ली का?"

"तुह्या मायच्या बाजूलेच होती मी वाकून," म्हातारी म्हणाली. "शिवी कायले देईल? रोज देत होती घरी, ते येगळं. त्या दिवशी नाई देल्ली." आणि तिनं न गाता, साध्या बोलण्यात, पोरीच्या नावानं सुरू होणारी ती ओळ सांगितली. नावापुढचे शब्द एवढेच होते: *मुळं धरली का नाई, सांगून धाडजो गं.*

रोप उपटून दुसरीकडे लावलं की शेतकरी चार दिवसांनी जाऊन पाहतो, मुळं धरली का. तेवढंच मायनं विचारलं होतं. दहा-बारा वर्षं तो निरोप माझ्या आवाजाखाली दाबलेला, मोबाईलमोबाईलमधून फिरत होता. तिच्या गावापर्यंतसुद्धा गेला होता. माय जिवंत असताना गेला होता. हे मला तिथं बांधावर उभ्या उभ्या समजलं.

ती बाई उठली. तिनं चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि पाण्यात उतरली. बायांनी सरकून तिला जागा दिली. कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. म्हातारीनं बांधावरून एक पेंढी फेकली ती तिनं झेलली. शिलाईच्या कामानं तिची पाठ आधीच वाकलेली असावी, पण चिखलात वाकली तेव्हा तिचा हात बाकीच्यांबरोबर चालला. वारा नव्हता. पाण्यात ढग हळूहळू सरकत होते आणि बायांच्या हातांनी मोडत होते, पुन्हा जुळत होते.

गाणं फिरून सुरू झालं. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या फेरीच्या दोन ओळी झाल्या आणि सवयीनं सगळ्या थांबल्या.

त्या रिकाम्या जागेत ती गायली. आवाज गाण्याचा नव्हता, चिरका होता, सुरात तर अजिबात नव्हता. टेप चालू होता. सुई कुठं जाते आहे ते पाहायचं माझ्याकडून राहून गेलं, कारण मी शब्द ऐकत होतो.

"धरली वं माय," ती म्हणाली, "मुळं धरली."

मग बायांनी पहिली ओळ उचलली.